आईनं घेतलं तो नाताळ

“माहं लेकरू कुठी हाय? कोणी नेलं माहं लेकरू?”

ही आरोळी आईची. बारा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, तीन दिवसांत पेजेशिवाय पोटात काही नाही, आणि आवाज मात्र असा की वस्तीतल्या बाराच्या बारा घरांतले झारे कढईत तसेच राहिले. मी शपथेवर सांगते, त्या आरोळीनं चर्चच्या फुटक्या घंटेतून आपोआप एक टोला निघाला. माझ्या शपथेला किती मान द्यायचा ते वाचणाऱ्यानं ठरवावं. नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ होती, घरोघर तळण चाललं होतं, आणि बाया पिठाच्या हातांनीच अंगणात धावल्या. कोणी म्हणालं कुत्र्यानं ओढलं असेल, कोणी म्हणालं मघाशी एक जोगी फिरत होता. दीनाआजी ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, आम्हा सगळ्या पोरांची दाई. ती काठी आपटत ओरडली, “अव बायांनो, बोंबलत काय राह्यल्या? आधी ते सुवार्ता कुठी हाय ते पाहा! जठी ते पोट्टी, तठीच भानगड!”

सुवार्ता म्हणजे मी. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमानही. बाबा चर्चचे उपदेशक, मी पहिली मुलगी, तेव्हा त्यांनी मोठ्या आशेनं हे नाव ठेवलं. माझ्या तोंडून आयुष्यात जेवढी वर्तमानं बाहेर पडली त्यांतली शुभ थोडी आणि खरी त्याहून थोडी, ही पुढची गोष्ट त्यांना कुठून माहीत असणार. त्या सकाळी मी तेरा वर्षांची होते आणि आईच्या खाटेपासून चाळीस पावलांवर, राहेलमावशीच्या घरात, दाराला पाठ लावून उभी होते. बाळ तिथंच होतं. आणि त्या घरात आमच्या घरातल्या माणसानं चार वर्षं पाय ठेवला नव्हता.

आमची वस्ती वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाहेर होती. मधोमध एक विहीर, भोवती कौलारू घरं, एका टोकाला चर्च आणि त्याच्या मागून सरळ पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेतं. चर्च लहान होतं, घंटेला चीर गेलेली होती, त्यामुळं ती वाजायची तेव्हा कोणी तरी रिकामी बादली जिन्यावरून लोटली असं वाटायचं. पण बाबांचा आवाज! तो दूरच्या आंजी गावापर्यंत ऐकू जायचा आणि तिथल्या म्हशी दूध द्यायच्या थांबायच्या. त्यांचा उपदेश सुरू होताना मांडीवर असलेली पोरं ‘आमेन’च्या वेळेपर्यंत मिशीला तेल लावू लागायची. घरात मात्र बाबा पाच शब्दांचे धनी. घरात आवाज आईचा.

आई देणारी बाई होती. हे मी कौतुकानं म्हणते आणि थोडं भीतीनंही. कोणाकडं आजारपण असो, बारसं असो, सोयरीक असो, आईचं ताट सगळ्यांच्या आधी पोचायचं. नाताळात तर ती युद्धावर निघाल्यासारखी चुलीपुढं बसायची. खोबरं, रवा, खसखस आणि चारोळी यांचं सारण परातभर, आणि त्याच्या करंज्या इतक्या की टोकाला टोक लावून मांडल्या असत्या तर वर्ध्याच्या स्टॅंडवर पोचून, तिथून बस बदलून पुढं पुलगावला गेल्या असत्या. शिवाय चकल्या, अनारसे, आणि पत्र्याच्या डब्यात घालून गावातल्या पाववाल्याच्या भट्टीतून भाजून आणलेला केक, ज्याचा तळ दरवर्षी करपायचा आणि आई दरवर्षी म्हणायची, “करपलेला भागच गोड लागते.” पंचवीस तारखेला आराधना सुटली की विणलेल्या रुमालाखाली झाकलेली अकरा ताटं अकरा घरी जायची. ती पोचवण्याचं काम माझं. आणि संध्याकाळपर्यंत ती ताटं परत यायची, प्रत्येकात काही तरी घातलेलं. कोणाचे शेंगदाण्याचे लाडू, कोणाची चार संत्री, कोणाकडं काहीच नसलं तर मूठभर साखर. आमच्याकडं ताट रिकामं परत करत नाहीत. हे कोणी शिकवावं लागत नाही. पायरी चढताना आधी पाय उचलायचा असतो, तितकंच ते ठरलेलं.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आईला द्यायला यायचं, घ्यायला यायचं नाही. परत आलेल्या ताटातली संत्री ती कधी खायची नाही, दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायची. कोणी तिची घागर उचलू लागलं तर ती हात झटकायची. कोणाचं आपल्याकडं काही राहिलं की तिला रात्री झोप लागत नसे. आता माझं वय झालंय, गुडघे बोलतात, नातवाचा हात धरल्याशिवाय रिक्षातून उतरता येत नाही, आणि तो हात धरताना मला दरवेळी आईसारखा राग येतो. तेव्हा ही खोड रक्तात असते असं म्हणायला हरकत नाही.

तर त्या आरोळीच्या सकाळच्या चार वर्षं आधीच्या नाताळात बाबांनी एक उपदेश केला. त्यांच्या सगळ्या उपदेशांतला तो सगळ्यात चांगला, आणि सगळ्यात महागात पडलेला. ते म्हणाले, “आपल्यात ताट रिकामं परत करत नाहीत. पण देवानं आज एक लेकरू आपल्या पदरात टाकलं आहे. त्या ताटात तुम्ही काय घालून परत पाठवणार? दोन करंज्या? चार संत्री? अरे, नाताळ म्हणजे दान आहे. मोबदला दिला की दानाची खरेदी होते. एकदा तरी हात रिकामे ठेवून नुसतं घ्यायला शिका.” माणसं हेलावली. पाठीमागच्या बाकावरचे दोघे जण जागे झाले, यावरून काय ते समजा. फक्त आईनं तो उपदेश ऐकला नाही. बाबांचा उपदेश घरी तालमीत तीनदा ऐकावा लागतो म्हणून ती चर्चमध्ये त्या वेळी हळूच उठून घरी जायची आणि चुलीवरचं मटण पाहून शेवटच्या गीताला परत यायची. आणि ताटाची गोष्ट बाबांना ऐन वेळी सुचली होती, ती तालमीत नव्हती.

त्या संध्याकाळी दहा ताटं भरून परत आली. अकरावं राहेलमावशीचं. ते तिनं राखेनं घासून लख्ख केलं होतं, रुमाल धुऊन, वाळवून, चौकोनी घडी करून वर ठेवला होता. आणि ताट रिकामं.

आईनं ते ताट हातात घेतलं. तिनं ते उलटं करून पाहिलं. मग म्हणाली, “मले तोंडावर मारलं असतं तरी चाललं असतं.”

राहेलमावशी मुळातच कमी बोलणारी. रुंद हाडाची, काळीसावळी, वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. तिचा नवरा बैलगाड्या दुरुस्त करायचा. कोणी तिला काही विचारलं तर ती आधी समोरच्याकडं पाहायची, मग उत्तर द्यावं की नाही ते ठरवायची, आणि बहुधा नाही असंच ठरवायची. विहिरीवर मी तिला एकटीला गाठून विचारलं, “मावशी, ताट काऊन रिकामं पाठवलं व?” ती म्हणाली, “तुह्या बाबानंच त सांगतलं.” आणि घागर डोक्यावर घेऊन गेली. तिनं उपदेश ऐकला होता आणि जसाच्या तसा पाळला होता. बाकीची वस्ती तो ऐकून हेलावली होती आणि मटणाच्या वासासरशी विसरलीही होती. एवढ्या वर्षांत बाबांचा उपदेश अक्षरशः पाळणारं हे पहिलंच माणूस, आणि बाबांची बोबडी वळली. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होते. त्यांनी चेनला इतकं तेल घातलं की त्यात भजी तळता आली असती, पण आईजवळ जाऊन बोलण्याची हिंमत काही झाली नाही. “जरा शांत होऊ दे तिले,” म्हणाले. मी पण बोलले नाही, कारण विहिरीवर राहेलमावशीशी बोलले हे आईला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. असा एक दिवस गेला, एक आठवडा गेला, मग चार वर्षं गेली. खोटं बोलण्याचा माझा लौकिक आहे, पण आमच्या घरातलं सगळ्यात मोठं खोटं आम्ही दोघांनी गप्प बसून केलं.

या चार वर्षांत वस्तीनं राहेलमावशीला ‘रिकाम्या ताटाची’ असं नाव पाडलं. नाताळात आईची दहाच ताटं निघू लागली. विहिरीवर ती आली की आई रहाट सोडून बाजूला व्हायची. राहेलमावशीनं एकदाही कोणाला सांगितलं नाही की मी उपदेशकाचं ऐकलं म्हणून असं झालं. ती दोन शब्द बोलली असती तर बाबा उघडे पडले असते. ती पाणी भरायची आणि निघून जायची.

मग शमू झाला. माझ्यानंतर तेरा वर्षांनी, मध्ये दोन मुलं जाऊन. आईनं त्याला देवाकडं मागून घेतलं होतं म्हणून नाव शमुवेल. जन्मला तेव्हा माझ्या तळहातावर मावायचा, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. आता तो कारंज्याला हायवेवर टायरचं दुकान चालवतो आणि दोन खुर्च्यांवर बसतो, तेही अगदीच खरं नसलं तरी फार खोटं नाही. पहिले आठ दिवस बरे गेले. मग आईला हुडहुडी भरून ताप आला, छाती दगडासारखी झाली आणि दूध बंद. दीनाआजीनं शेक दिले, पाला बांधला, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं केलं. डॉक्टर गोळ्या देऊन गेले. गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजलं तर शमू ते सगळं उलटून टाकायचा. तीन दिवस तो रडला. आधी तांबडा होऊन रडायचा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा. दुसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीस तारखेला, पहिल्या बसनं बाबा डब्यातलं दूध आणायला वर्ध्याला गेले, आणि त्यानंतर शमूचं रडणं थांबलं. तो नुसतं तोंड उघडायचा. आवाज यायचा नाही.

वस्तीत पाजणारी बाई एकच होती. राहेलमावशीची मंजू तेव्हा आठ महिन्यांची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. शेवटी दीनाआजीच म्हणाली, “पोरी, एक सांगू? त्या राहेलच्या पदराखाली देऊन पाय.”

आईनं डोळे उघडले नाहीत. “तिच्या दारात माहं लेकरू जाणार नाई.”

“अव, पण जगलं पाहिजे ना ते?”

“त्याचा बाप डब्बा घेऊन येऊन राह्यला. मले तिचे उपकार नाई पाहिजे. दुधाचे उपकार कशानं फेडू मी? सांग, ताटात काय घालून पाठवू तिले?”

दीनाआजी उठली आणि बाहेर जाऊन चुलीपुढं बसली. मी आईकडं पाहिलं. मला तेव्हा तिचा राग आला होता असं लिहायला हवं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. ते पुसायलाही तिचा हात उठत नव्हता. थोड्या वेळानं तिला ग्लानी आली. मी शमूला बाबांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलं आणि दीनाआजीला म्हटलं, उन्हात शेकून आणते. दीनाआजीनं माझ्याकडं पाहिलं. ती म्हातारी बाई मूर्ख नव्हती. “जाय,” म्हणाली, “पण चांगल्या उन्हात नेजो.”

चाळीस पावलं. कारंज्यापासून तळेगावपर्यंत घाटातून पायी गेले असते तरी इतकं लांब वाटलं नसतं. राहेलमावशी चुलीत पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, सारत होती, मंजू तिच्या मागं पातेलं वाजवत बसली होती. मी उंबऱ्यातूनच घडाघडा बोलू लागले, “मावशी, आईनं पाठवलं. म्हणे राहेललेच नेऊन दे. म्हणे चार वर्सं मी चुकली. म्हणे तिच्या पाया पडून सांगजो. म्हणे...”

“पुरे,” ती म्हणाली. “इतकं नाई म्हणत तुही माय.”

पुढची सगळी खोटी वाक्यं तोंडात तयार होती, ती तिथंच वाळली. तिनं आणखी काही विचारलं नाही. उठली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले, खाली बसली आणि हात पुढं केले.

शमूला पहिल्यांदा ओढताच येईना. तिनं दोन थेंब त्याच्या ओठांवर पिळले. तो जीभ हलवून थांबला. पुन्हा दोन थेंब. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि मला एवढंच आठवतं की मी प्रार्थना करत नव्हते. उपदेशकाची मुलगी, पण एक शब्द आठवत नव्हता. मग घटकाभरानं तो आवाज आला. ज्यांनी लेकरं पाजली आहेत त्यांना तो ठाऊक आहे. लहानसा, ओला, एका लयीतला. माझ्या आयुष्यात मी पेटी, ढोलकी, मोठ्या शहरातल्या चर्चचे ऑर्गन, सगळं ऐकलं. त्या आवाजापुढं मी काहीही मांडणार नाही, आणि हे सांगताना मी तिळाएवढंही वाढवत नाही.

तेव्हाच आईची ती आरोळी आली.

पुढं ती खाटेवरून कशी उठली, कोणाच्या खांद्याला धरून आली, ते मला माहीत नाही. मी दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यासमोर उभी होती, केस सुटलेले, अंगावर घोंगडी, मागं सगळी वस्ती. बायांच्या हातांवर पीठ, कोणाच्या हातात लाटणं. आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिनं आत पाहिलं, आणि तो आवाज तिलाही ऐकू आला. सगळ्यांनाच ऐकू आला, इतकं सगळं थांबलं होतं.

“दे माहं लेकरू,” आई म्हणाली.

राहेलमावशीनं मान वर केली नाही. “अर्धंच पोट झालं त्याचं. बस. मंग नेजो.”

मला वाटलं आता आई पुढं जाऊन ओढून घेईल. मी तिला ओळखत होते. तिचा हात उठलाही. मग तिनं शमूची मूठ पाहिली. तीन दिवस ती मूठ आवळलेली होती, आणि आता राहेलमावशीच्या चोळीवर ती उघडी पडली होती, पाचही बोटं पसरून. आई उंबऱ्यावर बसली. नव्हे, पडली म्हणावं. त्या घराच्या दारात, चार वर्षांनी, रिकाम्या हातांनी. मंजू रांगत आली आणि घोंगडीला धरून उभी राहू लागली, तशी आईनं तिला न पाहताच आधार दिला. वस्तीतल्या बाया एकेक करून आपापल्या चुलीकडं गेल्या. कोणी काही बोललं नाही. आमच्या वस्तीत याआधी असं कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

बाबा दुपारच्या बसनं आले, डबा छातीशी धरून. आई तोवर तिथंच बसलेली. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा आईकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“मले एक सांगाचं होतं,” ते म्हणाले. चर्चमधला आवाज कुठं गेला कोण जाणे. “ते ताट. तसं करा म्हणून म्याच सांगतलं होतं. उपदेशात.”

“कोणत्या उपदेशात?”

“त्याच नाताळाच्या. तू मटण पाहाले गेली होती.”

आई ओरडली नाही. त्यामुळं आम्ही दोघं जास्त घाबरलो. ती म्हणाली, “चार वर्सं?” बाबांनी मान हलवली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मीही मान हलवली. आई वळून आत, अंधारात बसलेल्या राहेलमावशीकडं पाहू लागली. तिनं जे पाहिलं ते तिचं तिला ठाऊक. मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

दुसऱ्या दिवशी चर्च माळांनी आणि बांबूच्या कामट्यांच्या चांदण्यांनी भरलं होतं. गव्हाणीत मातीचं बाळ मांडलेलं होतं. बाबा उपदेशाला उभे राहिले, चष्मा घातला, काढला, कागद घडी करून खिशात ठेवला. ते म्हणाले, “मी दरवर्षी सांगतो की देवानं आज आपल्याला दान दिलं. काल मला कळलं की ते मला नीट ठाऊक नव्हतं. देव आला तो देणारा होऊन आला, हे खरं. पण आला तेव्हा त्यालाच दूध हवं होतं. कोणाच्या तरी पदराखाली जाऊन त्यानं ते घेतलं. देवाला घ्यायला लाज वाटली नाही. आम्हाला वाटते.” एवढंच. लोक वाट पाहत होते, आता सुरू करतील. बाबा खाली बसले. त्यांच्या हयातीतला तो सगळ्यात छोटा उपदेश, आणि आई त्या दिवशी उठून गेली नव्हती. तशी उठायची ताकदही नव्हती. ती पहिल्या बाकावर भिंतीला टेकून होती, आणि तिच्या शेजारी राहेलमावशी, पदराखाली शमू.

आता माझ्या नातवाकडं नाताळच्या आठ दिवस आधीपासून खोकी येतात. मोटारसायकलवरून पोरगा येतो, फोनवर आकडा विचारतो, खोकं देतो. आवडलं नाही तर दहा दिवसांत परत करता येतं, असं नातू मला समजावून सांगतो. मी हसते. बाबा, तुम्ही असायला हवं होतं, असं मनात म्हणते. परत करायची सोय नसलेली वस्तू घरात आली की माणसाचं काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे. तिच्यासाठी जागा करावी लागते. जुनं बरंच काही उचलून बाहेर ठेवावं लागतं. चर्चमध्ये गीतं म्हणताना अजूनही माझ्या डोळ्यांपुढं गव्हाणी येत नाही, पऱ्हाट्यांच्या धुरानं काळं झालेलं ते घर येतं.

आईचा स्वभाव एका दिवसात बदलला असं सांगितलं तर तुम्ही माझ्या बाकीच्या थापांवरही विश्वास ठेवणार नाही. तिनं झुंज दिली. ताप उतरताच तिनं राहेलमावशीकडं करंज्यांचं ताट पाठवलं, मग स्वतःच्या लग्नातलं लुगडं, मग एक कोंबडा. करंज्या राहेलमावशीनं बसून खाल्ल्या, लुगडं नेसली, कोंबडा मात्र पहाटे फार ओरडतो म्हणून परत दिला. शमू दिवसातून चार वेळा चाळीस पावलं जायचा आणि यायचा. डब्यातलं दूध त्याला कधी पचलंच नाही. जानेवारीत आईला थोडं दूध आलं, तरी एक वेळचं तिकडंच राहिलं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटेनासं झालं. पण आईच्या मनात काही तरी अडकून होतं. दोघी एकत्र बसल्या की ती राहेलमावशीकडं तिरप्या नजरेनं पाहायची, जणू तिच्या कपाळावर कुठं तरी उत्तर लिहिलं आहे.

एकदा दुपारी दोघी आमच्या अंगणात उन्हाला बसून तुरी पाखडत होत्या. शमू आईच्या मांडीवर झोपला होता. मी जवळच शेंगा सोलत होते, म्हणजे खात होते. आईचं सूप हलायचं थांबलं.

“राहेल,” ती म्हणाली, “मी चार वर्सं तुह्याशी बोलली नाई. सगळ्या वस्तीत तुले नाव ठेवलं. पोट्टी खोटं बोलून राह्यली, हे बी तुले माहीत होतं. अन् तरी तुनं घेतलं त्याले. काऊन? उपदेश आयकला म्हून? देवासाठी? का मले खाली पाहाले लावाचं होतं? खरं सांग. मले राग नाई येणार.”

राहेलमावशीनं आईकडं पाहिलं. मग सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“पोट्टं रडून राह्यलं होतं,” ती म्हणाली.